परमुलखातील नाताळ

डिसेंबर उजाडला की सोलापूरच्या शिवारात ज्वारीची कणसे भरू लागतात, हुरड्याचे बेत ठरू लागतात, आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याला अजून काही आठवडे अवकाश असला तरी घरोघरी त्याच्या गोष्टी निघतात. याच दिवसांत शाळा-कचेऱ्यांना नाताळची सुट्टी येते. आपण ती सुट्टी घेतो, गाणगापूरला किंवा पंढरपूरला जाऊन येतो, आणि ज्या सणासाठी ती मिळाली त्याच्याकडे फारसे पाहत नाही. नाताळ हा शब्दही आपल्याकडे पाहुणा म्हणूनच आला. पोर्तुगीज लोक जन्मोत्सवाला 'नाताल' म्हणत. गोव्या-वसईकडून तो शब्द मराठीत उतरला आणि इतका रुळला की त्याचे परकेपण आता कोणाच्या ध्यानीही येत नाही. उत्तर हिंदुस्थानात इंग्रज साहेबाच्या नोकरचाकरांनी त्या दिवसाला 'बडा दिन' म्हटले. आपण मराठी लोकांनी मात्र इंग्रजाच्याही आधी आलेल्या फिरंग्याचा शब्द सोडला नाही.

या व्याख्यानमालेत आम्ही हा विषय घेतला तो नाताळच्या धर्मविषयक अर्थासाठी नव्हे. तो अर्थ सांगण्यास आमच्यापेक्षा अधिकारी माणसे या शहरात आहेत. आम्हांला कुतूहल आहे ते निराळ्या गोष्टीचे. घरापासून हजारो कोस दूर, लहान मुले पदरी असताना एखादे कुटुंब हा सण करते तेव्हा नेमके काय घडते? सोलापुरात असे संसार होऊन गेले आहेत. आणि आज सोलापुरातील कितीतरी घरांतील मुलगा-सून, लेक-जावई न्यू जर्सीत, लंडनला किंवा सिडनीत संसार मांडून बसले आहेत, तेव्हा हाच प्रश्न उलट्या दिशेने आपल्या दारी आला आहे. तीन वर्षांचा नातू दूरध्वनीच्या पडद्यावर सजवलेले झाड दाखवतो आणि इकडे आजी कौतुकाने पाहता पाहता मनात म्हणते, "हे आपलेच ना रे बाळ?" त्या आजीच्या प्रश्नाला थोडा इतिहास आहे. तोच येथे सांगावयाचा आहे.

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. सोलापुरात जी गोरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली त्यांतली अनेक इंग्रज नव्हती, अमेरिकन होती. 'अमेरिकन मराठी मिशन' या नावाने ओळखली जाणारी संस्था ही अमेरिकेच्या ईशान्य भागातील, न्यू इंग्लंडमधील प्युरिटन परंपरेच्या लोकांनी १८१० साली स्थापिलेल्या एका मंडळाची शाखा. तिचे पहिले लोक, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. आणि या प्युरिटन लोकांचे वैशिष्ट्य असे की त्यांना नाताळ मुळीच मान्य नव्हता! पंचवीस डिसेंबर ही तारीख बायबलात कोठेही नाही, त्या दिवशी लोक खातात, पितात, धुडगूस घालतात, तेव्हा हा सण पाखंडाचा, असे त्यांचे म्हणणे. १६५९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने कायदाच केला की जो कोणी काम बंद ठेवून वा मेजवानी करून नाताळ पाळील त्यास पाच शिलिंग दंड. हा कायदा १६८१ मध्ये रद्द झाला, पण मनातला कायदा पुढे दीडशे वर्षे टिकला. पंचवीस डिसेंबरला त्या राज्यात सरकारी सुट्टी मिळू लागली ती १८५६ साली. सबंध अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने ती मानली १८७० मध्ये.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. मराठी मुलखात आलेल्या पहिल्या अमेरिकन पिढीच्या बाळपणी नाताळ नव्हताच. ज्याला आपण 'त्यांचा सण' म्हणतो तो त्यांच्याही घरी नवाच होता.

मग तो आला कोठून? आला तो मुलांच्या वाटेने. खोलीत सूचिपर्णी झाड उभे करून त्यावर मेणबत्त्या लावण्याची चाल मूळची जर्मनीतली. व्हिक्टोरिया राणीचा पती अल्बर्ट हा जर्मन. १८४८ मध्ये एका सचित्र लंडन साप्ताहिकात राणी, तिचा पती आणि मुले अशा झाडाभोवती उभी असल्याचे चित्र छापून आले, आणि इंग्लंडातील मध्यमवर्गाला झाडाचा छंद लागला. त्याच्या पाच वर्षे आधी, १८४३ मध्ये, डिकन्सची नाताळवरची सुप्रसिद्ध गोष्ट प्रसिद्ध झाली होती. तिच्यातही एका गरीब कारकुनाच्या पंगू मुलाभोवतीच वाचकाचे काळीज घोटाळते. ज्या जर्मनीने झाड दिले तिनेच फ्रोबेल दिला; त्याने १८४० साली आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव ठेवले. या दोन्ही गोष्टी एकाच काळात जगभर पसरल्या हा आम्हांस योगायोग वाटत नाही. मूल हे लहान आकाराचे मोठे माणूस नव्हे, त्याचे स्वतःचे एक जग असते, हा विचार त्या शतकात युरोप-अमेरिकेत मूळ धरत होता. देवळात आणि मेजवानीच्या टेबलावर साजरा होणारा सण उचलून मुलांच्या पायाशी आणून ठेवला तो या विचाराने. आणि मुलांपुढे कडव्या प्युरिटन आजोबांचेही काही चालले नाही.

आता सोलापुराकडे येऊ. १८६० मध्ये येथे आगगाडी आली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकन मिशनने आपले ठाणे येथे बसविले. चार्ल्स हार्डिंग हे येथील आरंभीच्या मिशनऱ्यांपैकी; त्यांच्या मागून लोरिन गेट्स आले व ते कुटुंब कितीतरी वर्षे या गावी राहिले. ही माणसे सहकुटुंब आलेली होती. त्यांची मुले या उन्हात वाढली, आयांच्या कडेवर बसून मराठी बोलली.

अशा घरी नाताळ कसा होत असेल याची कल्पना करण्यास फार तर्क लढवावा लागत नाही. त्यांच्या मायदेशी त्या दिवसांत गुडघाभर बर्फ, आणि येथे स्वच्छ ऊन, पहाटेची गोड थंडी, दुपारी अंगरखा नकोसा व्हावा अशी हवा. सूचिपर्णी झाड सोलापुरात कोठून मिळणार? हिंदुस्थानच्या गरम मुलखात राहणाऱ्या या लोकांनी सुरूची फांदी, आंब्याची डहाळी, जे हिरवे हाती लागेल ते रोवून वेळ साजरी केली. खेळणी आणि बाहुल्या अमेरिकेतील मंडळींकडून पेट्यांतून येत. सुवेझचा कालवा खुला झाला १८६९ च्या नोव्हेंबरात. तोवर बोस्टनहून निघालेल्या जहाजाला आफ्रिकेला वळसा घालून मुंबईस पोचण्यास चार-पाच महिने लागत. म्हणजे नाताळची बाहुली उन्हाळ्यातच बोटीवर चढली पाहिजे! तिकडच्या आजीने जुलै महिन्यात बसून नातीच्या मापाचा झगा शिवावयाचा, आणि तो पोचेपर्यंत नात चार बोटे उंच झालेली असावयाची. परदेशी वाढणाऱ्या नातवंडांचे माप कधीच बरोबर येत नाही, हे दुःख काही आजच्या आज्यांचेच नव्हे.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती अधिक गंभीर. १८७६-७७ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याने जसा भोगला तसा फार थोड्या जिल्ह्यांनी भोगला असेल. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ एकापाठोपाठ आले. आईबाप मेलेली, टाकलेली मुले मिशनच्या आवारात गोळा झाली. आता घरात आपली दोन-तीन मुले आणि अंगणात दुसऱ्यांची कितीतरी, अशा स्थितीत झाडाखालची खेळणी कोणाची? आईबापांना आपल्या मुलांपुरता सण दार लावून करता येईना. तो अंगणात आणावा लागला. खाऊची पुडी, एखादी नवी चिंधी, एक गाणे, एवढाच तो सण, पण तो सगळ्यांचा. या कार्यामागे धर्मप्रसाराचा हेतू होता, हे आम्ही विसरलेलो नाही, आणि त्याविषयी या शहरात तेव्हाही मतभेद होते. परंतु उपाशी पोराच्या हातावर पडलेला लाडू हा इतिहासात लाडू म्हणूनच नोंदला पाहिजे, असे आमचे मत आहे. हार्डिंग घराण्यातील मेरी हार्डिंग यांनी पुढे या गावात फ्रोबेलच्या पद्धतीची बालशाळा उभारली. पुण्या-मुंबईकडे बालशिक्षणाचा गवगवा होण्याच्या पुष्कळ आधी सोलापूरच्या पोरांनी मातीचे गोळे आणि रंगीत कागद हाती घेतले, ते त्यामुळे.

येथवर चित्र गोड आहे. त्याची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. या घरांतील मुलांना आईबापांबरोबर मिळणारे नाताळ मोजकेच असत. मूल सात-आठ वर्षांचे झाले की त्याला शिक्षणासाठी आणि हवेसाठी मायदेशी पाठवावे, हा त्या काळचा रिवाज. काही वेळा आई बरोबर जाई आणि बाप येथे राही. काही वेळा मुले नातेवाइकांकडे ठेवून दोघेही परत येत. मग सात-आठ वर्षे भेट नाही. आम्ही 'परदेशी नाताळ' म्हणून ज्याचे वर्णन केले त्याच्या प्रत्येक मेणबत्तीत हा हिशेब जळत असे की असे अजून किती.

गॉर्डन हॉल यांचेच पहा. १८२५ साली त्यांची पत्नी दोन लहान मुलांना घेऊन अमेरिकेस निघाली. हॉल येथेच राहिले. वाटेत समुद्रावरच एक मुलगा दगावला. पुढच्या मार्चमध्ये, १८२६ साली, नाशिकच्या बाजूस फिरतीवर असता हॉल स्वतः पटकीने वारले. त्या घराची पुन्हा एकत्र भेट झालीच नाही. मुंबईचे रॉबर्ट विल्सन ह्यूम १८५४ मध्ये मायदेशी जाताना जहाजावर वारले. विधवा आई मुलांना घेऊन पुढे गेली. त्यांतील रॉबर्ट ॲलन ह्यूम हा मुंबईत १८४७ साली जन्मलेला मुलगा येल विद्यापीठात शिकून १८७४ मध्ये पुन्हा मराठी मुलखात आला आणि अहमदनगरला अर्धे शतक राहिला. अशी परत आलेली मुले या मिशनमध्ये बरीच आढळतात. त्यांना मायदेश कोणता वाटत असेल? आमच्या मते ज्या गावी पहिले आठ नाताळ गेले ते.

इंग्रजांच्या घरीही हीच तऱ्हा. मुंबईच्या कलाशाळेत शिकविणाऱ्या लॉकवुड किपलिंगचा मुलगा रड्यार्ड येथेच १८६५ च्या डिसेंबरात जन्मला. १८७१ मध्ये, सहावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, त्याला व तीन वर्षांच्या बहिणीला इंग्लंडात समुद्रकाठच्या एका गावी परक्या कुटुंबात पैसे देऊन ठेवण्यात आले. आईबाप परत मुंबईस. त्या घरात त्या मुलाचे अतोनात हाल झाले. वर्षातून एक महिना, डिसेंबरात, लंडनला मावशीकडे जावयास मिळे, आणि तेवढाच काय तो सुखाचा. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही त्या महिन्याची आठवण त्याने जपून ठेवली. किपलिंगच्या साम्राज्यशाहीवर आम्ही पाहिजे तितके रागावू. परंतु त्या सहा वर्षांच्या पोरावर रागावता येत नाही. १९०१ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी कोडाईकनालच्या डोंगरावर आपल्या मुलांसाठी शाळा काढली. डोंगरावरील अशा शाळा हिवाळ्यात बंद असत आणि मुले आगगाडीने आपापल्या गावी उतरत. त्यानंतर कोठे या आयांना दर वर्षी आपल्या मुलाचे तोंड पाहून नाताळ करता येऊ लागला. शाळा कशासाठी काढतात याची कारणे अहवालांत पुष्कळ लिहिलेली असतात. हे कारण आम्हांस सर्वांत खरे वाटते.

आता उलट दिशेने पाहू. आपल्याकडची आई आपले लेकरू घेऊन परदेशी गेली, तिचा नाताळ कसा झाला?

पंडिता रमाबाई १८८३ च्या वसंतात विलायतेस निघाल्या तेव्हा त्यांची मनोरमा अवघी दोन वर्षांची होती. पती बिपिनबिहारी मेधावी आदल्याच वर्षी गेलेले. बरोबर आनंदीबाई भगत ही एकच मैत्रीण. वाँटेज या लहान गावी जोगिणींच्या मठात त्यांची सोय झाली. त्याच वर्षी आनंदीबाईंचा तेथे आत्मघाताने अंत झाला, आणि २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्या डिसेंबरात वाँटेजला जो नाताळ आला तो धर्माने त्यांचा स्वतःचा होता. पण धर्माने आपला झालेला सण घराने आपला होतो काय? रमाबाई कडक शाकाहारी होत्या आणि बाप्तिस्म्यानंतरही तशाच राहिल्या. इंग्रजांच्या नाताळचा मुकुटमणी म्हणजे त्यांचे ते पुडिंग, आणि त्यात अंडी व गाईच्या चरबीचा चुरा! अन्नाच्या या निष्ठेत जिराल्डीन या जोगिणीस जातीचा अभिमान दिसला, आणि त्यावरून दोघींचा चांगलाच खटका उडाला. ख्रिस्त स्वीकारणे निराळे आणि इंग्रजांचे ताट स्वीकारणे निराळे, हा भेद रमाबाईंस स्वच्छ दिसत होता. तो समोरच्यांस दिसेना.

गंमत अशी की याच जिराल्डीन बाईंना रमाबाई आणि मनोरमा 'आजीबाई' म्हणून हाक मारीत. भांडणाच्या पत्रांतही हेच संबोधन. परदेशच्या मठात, गोऱ्या झग्यातल्या जोगिणीला मराठी आजी करून टाकणे, हे त्या पोरक्या मायलेकींनाच सुचावे.

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या कॉलेजात गेल्या, आणि मनोरमा कोणाजवळ राहावी, तिने काय शिकावे, यावरून वाद अधिकच वाढला. जी गोष्ट मला स्वतःला पटलेली नाही ती माझ्या मुलीच्या तोंडी घालू नका, असा आईचा आग्रह. त्याहून मोठा आग्रह दुसरा. मुलगी हिंदुस्थानची म्हणूनच वाढली पाहिजे. परदेशी राहिल्यामुळे तिला आपल्या माणसांची लाज वाटता कामा नये, आपण त्यांच्याहून श्रेष्ठ आहोत असे तिला वाटता कामा नये, हे रमाबाईंनी जिराल्डीनना लिहून कळविले. हा पत्रव्यवहार पुढे १९७७ मध्ये छापून प्रसिद्ध झाला. आम्हांस तो वाचताना सारखे वाटत राहते की दूरध्वनीच्या पडद्यासमोर बसलेल्या सोलापूरच्या आजीची धास्ती एका मराठी आईने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच शब्दांत मांडून ठेवली आहे. फरक इतकाच की रमाबाईंची भीती झाडाबद्दल वा मेणबत्तीबद्दल नव्हती. सण मुलीने खुशाल करावा. मुलीला कोणाची लाज वाटावी आणि कोणाची वाटू नये, हे कोण ठरवणार, यावर त्यांची नजर होती.

परदेशी संसार करणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या पुढे वाढली. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे. अमेरिकेने १९६५ साली आपला प्रवेशाचा कायदा बदलला आणि मग डॉक्टर-इंजिनियरांची रीघ लागली. यांतल्या बहुतेक घरांत सण आणि देश दोन्ही परके. तरी झाड येते. ते आणतात मुले, शाळेतून, कागदाचे कापून. बाप म्हणतो, आपल्यात नसते; मूल रडते; दुसऱ्या वर्षी झाड घरात. आम्हांस यात धर्मबुडवेपणा दिसत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन आजोबांनी ज्याच्यापुढे हात टेकले त्याच्यापुढे आमच्या जोशी-कुलकर्ण्यांनी किंवा येथील बोल्ली-कोंडा मंडळींनी हात टेकले तर नवल ते काय!

आणि सोलापुरातला तो अंगणातला नाताळ? गोरी कुटुंबे कालांतराने निघून गेली. सण राहिला, पण ओळखू येणार नाही इतका बदलून. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ख्रिस्ती उपासनेत अभंग, ओवी, कीर्तन आणले, आणि मराठी ख्रिस्ती घरांना परक्या चालीवर गाण्याची गरज उरली नाही. आज सोलापूर-नगरकडच्या ख्रिस्ती वस्तीत नाताळच्या दिवशी जावे तर ताटात करंजी, चकली, चिवडा, शंकरपाळी. दारावर चांदणीचा आकाशकंदील. आणि फराळाचे डबे शेजारच्या घरी पोचते झालेले. हा फराळ कोणत्याही मिशनच्या पेटीतून आला नाही.

मनोरमाबाईंचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. त्यांनी इंग्लंड-अमेरिकेत शिक्षण घेतले, मुंबई विद्यापीठाची पदवीही घेतली, आणि केडगावला आईच्या मुक्तिमिशनचा भार उचलला. निजामाच्या राज्यात गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, त्यांनी मुलींची शाळा चालविली. १९२१ मध्ये, आईच्या आधी काही महिने, त्या गेल्या. केडगाव आणि गुलबर्गा ही दोन्ही स्थानके एकाच लोहमार्गावर आहेत, आणि मध्ये सोलापूर लागते. वाँटेजच्या जोगिणीला आजीबाई म्हणणारी ती मुलगी मोठेपणी शाळेच्या कामासाठी येता-जाता आपल्या या स्टेशनावरून कितीदा गेली असेल.